मिलच्या हौदातला समुद्र

“पण दादा, ह्याला पापण्या कशाला?” सुजयनं विचारलं.

पंढरीनाथ शिडीवर उभा होता. हातात ग्रीसचा डबा, कानामागे पेन्सिल, आणि समोर त्यानं दीड महिना खपून उभा केलेला समुद्री राक्षस. मान ताठ केली की दोन पुरुष उंच, जबड्यात एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा, अंगावर चपलांच्या कारखान्यातून आलेल्या काळ्या रबराचे खवले. सुजयचा प्रश्न पंढरीनाथला कळलाच नाही.

“डोळे आहेत म्हणून पापण्या आहेत, सर,” तो म्हणाला. “पापणी नाही हलली तर मुर्दा वाटेल ना तो. पब्लिक काय पाहील मग?”

“अहो, राक्षस आहे तो. समुद्राच्या तळातून आलाय. तो कशाला डोळे मिचकावेल?”

“तुम्ही पाहिला का समुद्राच्या तळातला राक्षस?”

खाली वायरी जोडत बसलेला किसन फस्सकन हसला. सुजयही हसला. मुंबईहून आलेला तिशीतला दिग्दर्शक, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. पण स्वभावानं वाईट नव्हता. “बरं, चालवून दाखवा,” तो म्हणाला.

किसननं खटका दाबला. मोटर घुरघुरली, साखळी ताणली गेली आणि राक्षसानं मान उचलली. डावीकडून उजवीकडे सगळ्यांवर नजर फिरवली. जबडा उघडला, मिटला. पापण्या दोनदा हलल्या. मग ती एवढी थोरली मान सावकाश खाली आली, पार जमिनीला टेकली आणि तिथं क्षणभर थांबली.

“हे काय?” सुजय उडालाच.

“नमस्कार,” पंढरीनाथ म्हणाला.

“म्हणजे हा माझ्या हिरॉइनच्या भावाला गिळणार, आणि मग सगळ्यांना नमस्कार करणार?”

“हो. आपल्या मिलची रीत आहे ती.”

सुजय शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसला.

आता ह्यात पंढरीनाथचं चुकलं म्हणावं तर चुकलं होतं, नाही म्हणावं तर नव्हतं. इंदूरच्या कापडमिलांच्या झांक्या ज्यानं पाहिल्या नाहीत त्याला हे समजायचं नाही. अनंत चतुर्दशीला, गणपती निघतात त्या रात्री, एकेका मिलचे कामगार ट्रॉल्यांवर हलते देखावे घेऊन शहरातून मिरवत निघत. पुराणातले देव, राक्षस, हत्ती, मोर, आणि वर दिव्यांचा नुसता पाऊस. माळव्यातल्या खेड्याखेड्यांतून लोक बैलगाड्या जुंपून येत आणि ओट्यांवर जागा धरून बसत. पंढरीनाथ मिलमध्ये फिटर होता. अकरा महिने मागांची दुरुस्ती करायची आणि बारावा महिना झांकीचा. मूर्ती घडवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे. पण त्या हलणार कशा, हे पंढरीनाथनं ठरवायचं. पंचवीसेक वर्षं तो ते करत आला होता.

त्याच्या मिलच्या झांकीच्या दोन रिती होत्या. एक म्हणजे, देखाव्यातला कुणीही असो, रावण असो की बकासुर, त्यानं आपलं काम झालं की पब्लिकला वाकून नमस्कार करायचा. बघायला आलेल्यांचा मान ठेवायचा, असं त्याला शिकवणारे मिस्त्री सांगत. दुसरी रीत ह्याहून कडक. एकदा मूर्ती हलायला लागली की तिची हालचाल मध्ये थांबवायची नाही. अर्ध्यात अडकलेली मूर्ती म्हणजे अपशकुन. ती पुरी करूनच खटका बंद करायचा. हे सगळं पंढरीनाथच्या हातात इतकं मुरलं होतं, की समुद्री राक्षस करताना आपण काही वेगळं करायला हवं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

“हे काढता नाही येणार?” सुजयनं विचारलं.

“काढायचं तर आतली सगळी जोडणी नवी करावी लागेल. आठ दिवस तरी.”

“उद्या शूटिंग आहे!”

“मग राहू द्या ना, सर. चांगलं दिसून राहिलं.”

सुजयनं कपाळाला हात लावला. नमस्काराच्या आधी कापून टाकू, असं काहीसं पुटपुटत तो निघून गेला. त्याच्या जाकिटाकडं पाहत किसन म्हणाला, “भिया, तू त्याच्या राक्षसाला संस्कार देऊन टाकले.”

मिल बंद होऊन तेव्हा दीड-दोन वर्षं झाली होती. मॅनेजर शेवटच्या दिवसापर्यंत सांगत होता, काही होत नाही, आठ दिवसांत चालू. मग एका दुपारी लाईट कापली गेली आणि माग अर्ध्या कापडावर थांबले. ते कापड अजून तसंच मागांवर होतं, उंदरांनी कुरतडलेलं. कोर्टात केस चालू होती. गेटावर एक तंबू होता आणि त्यात पाळीपाळीनं चारदोन माणसं धरणं धरून बसत. बाकीच्यांनी हाताला येईल ते काम धरलं. पंढरीनाथ सांवेर रोडला बाबूलालजींच्या रबरी चपलांच्या कारखान्यात साचे ठाकठीक ठेवायला लागला, आणि किसन, जो मिलमध्ये वायरमन होता, तो लोकांच्या घरी केबल जोडत फिरायला लागला.

त्या दिवसांत मिलच्या चाळीतल्या लोकांना एक नवाच नाद लागला होता. कोपऱ्यावरच्या खोलीत एकानं व्हिडिओ लावला होता, आणि दुपारी रिकामी माणसं तिथं सतरंजीवर बसून परदेशी सिनेमे पाहत. त्यांत सगळ्यात जास्त मागणी समुद्री राक्षसांना. कुठं राक्षसी खेकडा, कुठं आठ हातांचा कोण, कुठं नुसतीच एक शेपटी. मेले स्वस्तातले सिनेमे ते! लाट एकच, ती तीनदा दाखवायची. बोट म्हणजे टबातलं खेळणं. राक्षसाचा पंजा हिरवा तर शेपूट करडी. दीड तासातला सव्वा तास माणसं खोलीत बसून नुसती बोलत, कारण बोलायला खर्च येत नाही. आणि प्रत्येक सिनेमात एक कोटवाला साहेब असायचाच. शास्त्रज्ञ बिचारा कंठशोष करी की धोका आहे, गाव खाली करा. आणि साहेब हसून म्हणे, काही होत नाही.

“हा आपला मॅनेजर!” सतरंजीवरून कुणी तरी ओरडे. मग शेवटी राक्षस पाण्यातून वर येऊन साहेबाला कोटासकट गिळायचा, तेव्हा खोलीत अशी शिटी वाजे की बाहेरची कुत्री भुंकायला लागत. तेवढा एक माणूस गिळला जावा म्हणून लोक दीड तास ती रटाळ बडबड ऐकत बसत. त्यांना दुसरं कुठं हे पाहायला मिळणार होतं?

पंढरीनाथचं वेगळंच होतं. राक्षसाच्या मानेवरची दोरी दिसली की बाकीचे खोखो हसत, आणि हा पुढं सरकून बसे. दोरी दिसली म्हणजे ती ओढणारा कुणी तरी आहे. कुठल्या देशातला कोण जाणे, खिशात दमडी नसताना भंगारातून एवढं जनावर उभं करून, पडद्याआड बसून जीव तोडून दोरी ओढतोय. त्या न दिसणाऱ्या माणसासाठी पंढरीनाथचा जीव कळवळे. एकदा तर त्याचे डोळे पाणावलेले त्याच्या बायकोनं, इंदुमतीनं, पाहिले.

“अहो, रबराच्या मगरीसाठी रडून राहिले तुम्ही? कमाल आहे,” ती म्हणाली. तिला ह्या सिनेमांचा मनस्वी तिटकारा होता. धडधाकट पुरुष भरदुपारी अंधारात बसतात, हे तिला बघवत नसे.

बाबूलालजींनाही हाच नाद. पण ते कारखानदार. त्यांनी नुसता नाद केला नाही, हिशेब केला. तेव्हा हवाच तशी होती. जो तो उठून काही तरी नवीन काढत होता. रबर आपल्या कारखान्याचं, समुद्र म्हणून बंद मिलचा पाण्याचा हौद, पळणारी गर्दी म्हणून रिकामे कामगार, आणि राक्षस करायला पंढरीनाथ घरचाच. दिग्दर्शक, कॅमेरा आणि हिरॉइन एवढंच काय ते मुंबईहून आणायचं. त्यांनी पंढरीनाथला केबिनमध्ये बोलावलं आणि त्याची मजुरी विचारली.

“मजुरी नको, शेठ,” पंढरीनाथ म्हणाला. “शूटिंग झालं की राक्षस आमच्या मिलला देऊन टाका. झांकीला.”

“क्या करोगे उसका?”

“कालिया नाग करीन. वर कृष्ण उभा करायचा फक्त.”

बाबूलालजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पक्का. शूटिंग के बाद तुम्हारा.”

हे मागणं का, ते चाळीत कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. बंद पडून पहिल्या वर्षी त्यांनी जुन्याच मूर्ती रंगवून काढल्या होत्या. लोकांनी ते ओळखलं, पण कुणी बोललं नाही. ह्या वर्षी जुन्याही उरल्या नव्हत्या, छप्पर गळून सगळा लगदा झाला होता. आणि मिल चालू असो की बंद, झांकी निघते तोवर मिल जिवंत, असं कामगार मानत. ज्या वर्षी झांकी नाही, त्या वर्षी मिल मेली. कोर्टाचं कोर्ट बघून घेईल, पण शहरापुढं आपलं सुतक आपल्याच हातानं जाहीर व्हायला नको, ह्यासाठी सगळा आटापिटा होता. शूटिंग सुरू झालं तेव्हा गणपती तीन आठवड्यांवर आले होते.

शूटिंग म्हणजे धमालच होती. समुद्राला फेस यावा म्हणून हौदात कपडे धुवायची पावडर पोत्यानं ओतली. लाटांसाठी दोन माणसं प्लायवूडच्या फळ्या पुढंमागं ढकलत. बुडणारं जहाज म्हणून इंदूरच्याच लालबागच्या मेळ्यातून पत्र्याची होडी आणली होती, मेणबत्ती लावली की फटफट चालणारी. कामगारांना कोळी बनवलं होतं. त्यांच्यापैकी एकानंही समुद्र पाहिला नव्हता. कंबरभर पाण्यात उभं राहून ते “बचाव, बचाव” ओरडत, आणि राक्षस त्यांच्यातल्या एकेकाला जबड्यात घेऊन झाला की उरलेल्यांना वाकून नमस्कार करी. सवयीनं दोघा-चौघांचे हात उलट नमस्कारासाठी उठत. सुजय काठावरून शिव्या हासडे.

पण राक्षस चालला. एकदाही अडला नाही. लोखंडी गाडा हौदाच्या उथळ भागात बसवला होता, आणि त्याची मोटर काठावर, पत्र्याच्या आडोशामागे. तिथं पंढरीनाथ खटक्यावर हात ठेवून बसे. समोरचं त्याला काही दिसत नसे, सुजयचा “चालू!” ऐकला की खटका दाबायचा, साखळीचा आवाज ऐकत मनात ताल धरायचा, आणि नमस्कार पुरा झाला की बंद करायचा. घरी गेल्यावर तो इंदुमतीला सांगे, “सोन्यासारखा चालून राहिला. कालियाला दोन फणे जास्तीचे लावतो, बस.” आणि तिनं, नाद आवडत नसला तरी, कृष्णाचा पितांबर शिवायला घेतला होता.

शेवटच्या दिवशी सकाळपासून हौदावर रॉकेलचा वास येत होता. कोळ्यांच्या हातात मशाली द्यायच्या आहेत, असं पंढरीनाथच्या कानावर आलं होतं, त्यामुळे त्याला काही वाटलं नाही. दुपारी ऊन उतरायच्या आत शेवटचा शॉट घ्यायचा होता. सगळा काठ माणसांनी भरला होता. चाळीतल्या बायकाही बघायला आल्या होत्या, कारण शूटिंग संपलं की राक्षस लगेच ट्रॉलीवर चढवून गेटापाशी न्यायचा होता. ट्रॉलीला झेंडूच्या माळा बांधूनही झाल्या होत्या.

“पंढरीदादा, चालू!” सुजय ओरडला.

पंढरीनाथनं खटका दाबला. साखळी सुरू झाली. मान उचलली जात असणार, असं त्यानं मनात म्हटलं, आणि त्याच वेळी पत्र्यापलीकडून असा आवाज आला, की जणू कुणी एकदम मोठ्ठं कापड फाडलं. मग बायकांची किंकाळी. मग रबर जळाल्याचा वास.

तो अर्धवट उठला आणि आडोशाच्या कडेनं त्यानं पाहिलं. राक्षस पेटला होता. नुसता पेटला नव्हता, मानेपासून जबड्यापर्यंत भडकला होता. रबर वितळून थेंबाथेंबानं पाण्यात पडत होतं आणि चरचरत होतं. दोन माणसं रॉकेलचे डबे टाकून मागं पळत होती. पंढरीनाथचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ह्यांनी मुद्दाम लावली? आपण चालू करायची वाट पाहून लावली?

“बंद कर, भिया!” किसन धावत येऊन ओरडला. “बंद कर, पाणी मारू! अर्धा तरी वाचेल!”

पंढरीनाथचा हात खटक्यावरच होता. दाबला असता तर झालं असतं. मान वरच्या वर थांबली असती, माणसं बादल्या घेऊन धावली असती, निदान सांगाडा तरी, निदान डोळे तरी हाती लागले असते. पण वर जाऊन थांबलेली, अर्ध्यात अडकलेली, सगळ्यांच्या देखत तशीच उभी जळणारी मूर्ती त्याच्या डोळ्यांपुढं आली आणि त्याचा हात चालेना.

“पुरी होऊ दे,” तो म्हणाला.

“काय?”

“पुरी होऊ दे, किसन.”

आगीतून राक्षसानं डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. जबडा उघडला, तसा आतून धुराचा लोट आला. पापण्यांचं कापड जळून गेलं होतं, नुसत्या तारा दोनदा हलल्या. मग ती जळती मान सावकाश खाली येऊ लागली. रॉकेल पाण्यावर पसरलं होतं, तेही पेटत गेलं. कोळी झालेले कामगार काठावर थिजून उभे होते. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की राक्षस मेला की उड्या मारायच्या, टाळ्या वाजवायच्या, एकमेकांना मिठ्या मारायच्या. मान पाण्याला टेकली. एकानंही उडी मारली नाही. सगळ्यांचे हात जोडलेले होते.

“टाळ्या! अरे, टाळ्या वाजवा!” सुजय कर्ण्यातून ओरडत होता. मग त्याचाही आवाज बंद झाला. कॅमेरा तेवढा चालू राहिला.

पंढरीनाथनं खटका बंद केला आणि तो तिथंच खाली बसला. कुणी तरी पाणी आणून दिलं, ते त्याच्या सदऱ्यावरच सांडलं.

सुजय आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “दादा, राक्षस तुम्हांला द्यायचा ठरलाय, हे मला कुणी सांगितलंच नाही,” तो म्हणाला. “शेवटी राक्षस जळतो, हे तर पहिल्या दिवसापासून कागदावर आहे. मला वाटलं तुम्हांला माहीत आहे. ती ट्रॉली, त्या माळा... मी समजलो तुमच्याकडं काही पूजा आहे. शपथेवर सांगतो.”

तो खरं बोलत होता. पंढरीनाथला ते दिसत होतं, आणि त्यामुळं तर जास्तच जिव्हारी लागलं. चिडायला सुद्धा कुणी समोर नव्हतं. बाबूलालजी मात्र रुमालानं घाम टिपत लांबूनच बोलले, “मैंने बोला था, शूटिंग के बाद तुम्हारा. अब हो गई शूटिंग. ले जाओ, भाई. मैंने कब मना किया?”

सहा माणसांनी हौदातून जे ओढून काढलं ते म्हणजे पीळ पडलेलं लोखंड होतं, त्यावर रबराचा डांबरासारखा थर. ट्रॉलीवरच्या माळा इंदुमतीनं सोडून घेतल्या. तिनं नवऱ्याला हाताला धरून घरी नेलं, जसं आजारी माणसाला नेतात तसं.

किसननं दोनदा येऊन सांगितलं, नुसता कृष्ण तरी काढू, पितांबर आहे, मूर्ती आहे. पंढरीनाथ भिंतीकडं तोंड करून पडला होता. “आणि पाय कशावर ठेवील तो?” एवढंच म्हणाला. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला बाकीच्या मिलांच्या झांक्या कृष्णपुऱ्याच्या पुलावरून गेल्या, आणि ह्या चाळीतल्या माणसांनी दारं लावून घेतली. ढोल घरातही ऐकू येतच होते. दुसऱ्या दिवशी गेटावरच्या तंबूत कुणी बसायला आलं नाही. धरणं तसं कुणी मागं घेतलं नाही. ते आपोआप सुटलं.

पंढरीनाथनं चपलांचा कारखाना सोडला आणि एका गॅरेजमध्ये कामाला लागला. व्हिडिओच्या खोलीकडं तो पुन्हा फिरकला नाही. किसन मधूनमधून येई, बसे, चहा घेई, पण हौदाचा विषय दोघंही काढत नसत. पंढरीनाथला वाटे, चाळीतली माणसं आपल्याला तोंडावर बोलत नाहीत, पण मनात म्हणत असतील, ह्यानंच मिल मारली. खटका ह्याच्याच हातात होता. अर्धा राक्षस तरी वाचला असता.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, सिनेमा लागला. महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका जुन्या थेटरात, फक्त मॅटिनी. ‘गहरे पानी का कहर’. पंढरीनाथला जायचं नव्हतं. पण रविवारी दुपारी इंदुमती ठेवणीतली साडी नेसून दारात उभी राहिली.

“चला,” ती म्हणाली.

“तुला आवडून राहिले का हे सिनेमे आता?”

“नाही. तरी चला.”

थेटराच्या फाटकापाशी तो पोहोचला आणि जागच्या जागी थबकला. सगळी चाळ तिथं होती. नुसती चाळ नाही, ज्यांची तोंडंही मिल बंद पडल्यापासून दिसली नव्हती ती माणसं होती. मागखात्यातले, रंगखात्यातले, देवासला मुलाकडं राहायला गेलेले म्हातारे. अंघोळी केलेल्या, सदरे इस्त्रीचे, पोरांच्या डोक्याला तेल, बायकांच्या वेणीत गजरे. झांकीच्या रात्री निघत तसेच निघून आले होते. किसननं हातातला नारळ थेटराच्या पायरीवर फोडला, तसा तिकिटं फाडणारा घाबरून बाहेर धावत आला. “अरे, अरे, यह क्या कर रहे हो, भिया? पिक्चर का हॉल है!”

“हमारी मिल की झांकी है अंदर,” किसन म्हणाला आणि त्यानं खोबऱ्याचा एक तुकडा त्याच्याही हातावर ठेवला.

हे आपल्याला कुणी बोललं नव्हतं. आत गेल्यावर तो खुर्चीत अंग चोरून बसला. मागं कॉलेजची पोरं होती, मजा करायला आलेली, आणि त्यांची मजा पहिल्या मिनिटापासून सुरू झाली. मेणबत्तीवरची होडी दिसली, ते खिदळले. लाट तिसऱ्यांदा आली, त्यांनी मोजून दाखवली. कोटवाला साहेब “कुछ नहीं होगा” म्हणाला, त्यांनी त्याच्याबरोबर म्हटलं. मग राक्षस आला, हिरॉइनच्या भावाला त्यानं गिळलं, आणि नमस्कार केला. सुजयनं तो कापला नव्हता. सिनेमा लांबीला कमी पडला असणार. मागच्या रांगा खुर्च्या बडवून हसल्या. “संस्कारी है भिया!” कुणी तरी ओरडलं. पंढरीनाथनं मान खाली घातली. त्याला शरमेनं मेल्यासारखं झालं. आपल्या एवढ्या माणसांना आपण हे ऐकायला आणलं, असं त्याला वाटलं. आणि आणलं तर त्यानं नव्हतं.

मग आग लागली. हॉलभर तांबडा उजेड पडला. पडद्यावरून कुणा भलत्याच माणसाचा आवाज आला, “बच गए! भगवान ने बचा लिया!” तो आवाज त्या जोडलेल्या हातांना चिकटवला होता. पंढरीनाथला धक्काच बसला. तोंडं आपल्या माणसांची, हात आपल्या माणसांचे, आणि त्यांचा अर्थ असा उलटा करून टाकला! तो वर बघायला लागला तेव्हा त्याच्या पुढची रांग उभी राहत होती. मग तिच्या पुढची. मग बाजूची. कुणी कुणाला खूण केली नव्हती. म्हातारे खुर्चीचा दांडा धरून उठले, बायकांनी कडेवर पोरं घेतली.

“बैठो भिया, दिख नहीं रहा!” मागून ओरडा झाला. “ओ काका, बैठ जाओ!”

कुणी बसलं नाही. इंदुमतीही उठली. पंढरीनाथ मात्र तसाच बसून राहिला. पंचवीस वर्षं झांकी निघाली की तो ट्रॉलीच्या पोटात बसलेला असे, खटक्यावर हात, वर काय दिसतंय, बघणारे कसे बघतायत, हे त्याला कधीच ठाऊक नव्हतं. आताही पडद्यावरचं त्याला काही दिसत नव्हतं. समोर सगळ्या पाठीच पाठी होत्या, इस्त्रीच्या सदऱ्यांच्या, पदर सावरलेल्या, एकमेकींना लागून उभ्या. त्यांच्या कडांवर तांबडा उजेड हलत होता. मागचा आरडाओरडा हळूहळू थांबला, आणि पंढरीनाथ त्या पाठींकडं बघत राहिला.